पालथा शिंपला

ओब्दुलियाच्या कोटात दोन वह्या होत्या. एक तिची, सकाळीच घेतलेली, कोरी. दुसरी नवऱ्याची, लिओन्सिओची, पानापानावर यात्रेचे शिक्के उमटलेली.

नवस लिओन्सिओचा होता. लेक तापातून उठली तेव्हा तो बोलला होता, चालत येईन संत सांतियागोच्या पायाशी. नवस म्हणजे देवाला दिलेला शब्द, आणि त्या शब्दाला पाय फुटावे लागतात. पण आधी शेळ्या, मग चीज, मग लेकीचं लग्न, असं करता करता फुप्फुसंच थकली. अशा वेळी दुसऱ्याने त्याच्या नावाने चालायचं, अशी तिकडे स्पेनात जुनी रीत आहे. लेकीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता एवेलिओ उठला आणि म्हणाला, "तुझे पाय मी होतो."

महिनाभर रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. आज पाऊस लागला, आज ओढ्यात बूट भिजले, आज अक्रोडांची रांग लागली, संपता संपेना. लिओन्सिओ डोळे मिटून ऐकायचा आणि खाटेवर पडल्या पडल्या चालायचा. एवेलिओ परतला तेव्हा ओब्दुलियाने कोमट पाण्याने त्याचे पाय धुतले, त्यांना ओठ टेकवले. त्याने आणलेली शिक्क्यांची वही उशाशी घेऊन लिओन्सिओ चौथ्या दिवशी गेला.

आज त्याला वर्ष झालं. त्या अक्रोडांखालून एक दिवस तरी चालावं, एवढंच तिला हवं होतं. एवेलिओ आढेवेढे घेत घेत आला.

"भावजी, यात्रेच्या वाटेचा बाण डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे निघालात!" ती हसली. "पोर्तुगालला नेताय की काय मला?"

"वर्ष झालं ना, वहिनी. वाटा बदलतात."

"आणि तो झरा कुठाय? दात वाजले म्हणाला होतात पाण्याने."

"आटला असेल."

दुपारी टेकडीवरचं छोटं देऊळ आलं. एवेलिओ बाहेरच्या बाकावर बसला. "तुम्ही या जाऊन. मला जरा बूट काढू दे."

आत सबीना नावाची म्हातारी शिक्का घेऊन बसली होती.

"पाय दाखव आधी."

ओब्दुलियाने पाय पुढे केला. चिखल नडगीपर्यंत होता. म्हातारी खूश झाली आणि तिने शिंपल्याचा शिक्का दाबला.

"आजी, उलटा मारलात की."

"उलटा कसला? पालथा! शिंपला म्हणजे यात्रेकरूचा पेला. चालून आलेला तहानेला असतो, पिऊन पेला पालथा घालतो. गाडीतून उतरलेल्याला उताणा. माझ्या आईपासून असंच चालत आलंय. परत कुणाला पाठवत नाही बाई मी, देवाच्या दारी सगळेच येतात. पण शिंपल्याला खोटं बोलायला लावत नाही."

ओब्दुलियाने दुसरी वही काढली. पानं उलटत तिने याच देवळाचा शिक्का शोधला. तिथे शिंपला उताणा होता.

"तुमची कधी चूक होते का, आजी?"

"चिखल बघितल्याशिवाय मी शिक्का उचलतच नाही."

बाहेर येऊन तिने ती वही उघडीच एवेलिओच्या मांडीवर ठेवली.

"उताणा आहे. गाडीने येणाऱ्यांना उताणा मारतात इथे."

एवेलिओ बुटाची बांधलेली नाडी पुन्हा बांधत राहिला. "चार दिवस चाललो, वहिनी. देवाशपथ. मग गुडघाच उचलेना. पुढे बस, कधी टॅक्सी. तो फोनची वाट बघायचा, त्याला काय सांगणार होतो? सुखाने गेला ना?"

"खरं सांगितलं असतंस तर दुसरं कुणी निघालं असतं. मी निघाले असते."

"त्याला तसा टाकून?"

"ते त्याने ठरवलं असतं. तू कोण ठरवणारा? पाय धुतले मी तुझे, एवेलिओ. ओठ टेकवले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याला नुसतं नावाने हाक मारली होती. एवेलिओने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"चला, खालच्या रस्त्यावर गाडी मिळेल. घरी बसून बोलू."

"तुला मिळेल. सवय आहे तुला."

तिने आपल्या वहीत स्वतःच्या नावाखाली लिहिलं, लिओन्सिओसाठी. एवढ्याने नवस फिटणार नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण पायाखाली वाट होती आणि संध्याकाळ व्हायला वेळ होता. ती एकटीच निघाली. मागून "वहिनी, वहिनी" ऐकू आलं, मग तेही थांबलं.

उतार संपला आणि ती थबकली. अक्रोडांची रांग इथेच असायला हवी होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना निलगिरी उभी होती, सरळसोट, सालं लोंबणारी. दूरवर एकही अक्रोड नव्हता. त्या नसलेल्या सावलीत लिओन्सिओ एक अख्खी संध्याकाळ चालला होता, हसतसुद्धा होता.

तिने आपली वही छातीशी धरली.

"अहो, ऐकताय ना?" ती चालता चालता म्हणाली. "निलगिरी आहे इथे. वास येतोय औषधासारखा. आणि झरा नाहीच."