शेवंताबाईंचं हवामान

यशोदाबाईंची बदली दोंडाईच्याजवळच्या त्या गावात झाली, ते साल अठ्ठ्याऐंशीचं. तिसरीच्या वर्गाला त्यांनी धुळे जिल्ह्याचा भूगोल शिकवायला घेतला आणि पहिल्याच दिवशी अडकल्या. सातपुडा झाला, तापी झाली, तोरणमाळ झालं, तेवढ्यात मंजुळा नावाची दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली.

"बाई, यात आपलं गाव कोठे शे?"

पाठ्यपुस्तकात ते नव्हतं. भिंतीवरच्या नकाशात बरोबर त्या जागी खिळा ठोकलेला होता.

"मग आपणच लिहू," बाई म्हणाल्या. "आधी वाचनालयात शोधू, मग गावात हिंडू आणि चित्रांचं पुस्तक करू."

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. ते झुलाल नाना सांभाळत. नानांचा जन्म पोस्टमनकीत गेलेला, त्यामुळे त्यांनी पुस्तकं लेखकाच्या गावाप्रमाणे लावली होती. पुण्याची एका फळीवर, नागपूरची दुसरीवर. ज्यांचं गाव कळलं नाही, ती सगळी 'पत्ता अपूर्ण' अशा चिठ्ठीखाली. भूगोलाची पुस्तकं त्याच ढिगात निघाली. पोरांनी दोन दुपारी तो ढीग उपसला. एका पिवळ्या पडलेल्या पुस्तकात या भागाबद्दल साडेतीन ओळी मिळाल्या. त्यांतली अर्धी ओळ वाळवीने वाचून टाकलेली.

उरलेला भूगोल पोरांनी पायी गोळा केला. प्रत्येकाला एक पान. कुणी दोंडाईच्याचं स्टेशन काढलं, कुणी मिरचीचा बाजार काढला आणि खाली लिहिलं, 'हे ठिकाण आधी नाकाला समजते.' नदीचं पान कोरंच आलं. बाईंनी विचारलं तर उत्तर मिळालं, "बाई, आता उन्हाळा लागी गया ना."

मंजुळेच्या पानावर बोरीचं झाड होतं आणि झाडाखाली काठी घेतलेली एक बाई. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'शेवंताबाईंचे अंगण. येथील हवामान उष्ण व कोरडे आहे. दुपारी बारा ते चार शिव्यांचा जोरदार पाऊस पडतो.'

बाईंना हसू आवरेना. 'कोरड्या हवामानात जोरदार पाऊस कसा?' एवढाच शेरा त्यांनी लाल शाईने मारला आणि दहापैकी नऊ गुण दिले.

पुस्तक शिवून झालं. झुलाल नाना तर हरखूनच गेले. पूर्ण पत्ता असलेलं पुस्तक त्यांच्या हाती पहिल्यांदाच येत होतं. त्यांनी ते रजिस्टरात चढवलं, पानापानावर शिक्का मारला आणि दारासमोरच्या टेबलावर ठेवलं. एरवी तिथे माशा बसत. आता माणसं बसू लागली.

चौथ्या दिवशी शेवंताबाई आल्या. यशोदाबाई नेमक्या तिथेच होत्या.

"हाई कोनी लिखं?" त्यांनी ते पान उघडून पुस्तक टेबलावर आपटलं. "बठ्ठं गाव माले हासी ऱ्हायनं! मी उष्ण शे?"

यशोदाबाईंनी पुस्तक घाईने जवळ ओढलं. नऊ गुण आपणच दिलेत, हे त्यांच्या नजरेसमोर लाल शाईने चमकत होतं. "अक्का, लहान लेकरं आहेत. मी आत्ता पान काढून टाकते."

"नाही जमणार," नाना म्हणाले. "शिक्का बसलाय. शिक्का बसलेलं पान फाडता येत नाही. पण माहिती चुकीची असेल तर पुराव्यानिशी दुरुस्ती करता येते."

"कसाना पुरावा?"

नानांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंच्या तोंडून भीतीनेच निघून गेलं, "हवामानाची नोंद घ्यावी लागेल. आठ दिवस."

दुसऱ्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला वही घेऊन मंजुळा आणि तिच्यामागे सगळी तिसरी अंगणात हजर. शेवंताबाई दात आवळून झाडावरची शेवटची बोरं वाटत. वहीत नोंदी झाल्या. 'सोमवार: ढगाळ. दोन बोरे. मंगळवार: गडगडाट, पण पाऊस नाही. बुधवार: पोरांनी फांदी मोडली. वादळ.' गुरुवारी शेवंताबाईंनी तिखट-मीठ लावून बोरं दिली. शनिवारी त्या चक्क हसल्या, आणि मंजुळेने दचकून ती नोंद दोनदा केली.

आठवा दिवस उलटल्यावर नोंदवही वाचनालयात गेली. यशोदाबाईंनी सगळ्यांसमोर जुनी ओळ खोडली आणि तिच्या जागी ठळक लिहिलं: 'येथील हवामान समशीतोष्ण आहे.' मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

शेवंताबाईंनी मान वाकडी करून ते अक्षर न्याहाळलं. "हाऊ सम... काय शे?"

"समशीतोष्ण, अक्का. म्हणजे फार गरम नाही, फार थंड नाही."

शेवंताबाई विचारात पडल्या. मग त्यांच्या कपाळाला आठ्या चढल्या.

"म्हंजे अळणी?"

"नाही हो, तसं नाही..."

"मी अळणी शे?" खिडकीची तावदानं थरथरली. "खोडा ते! पहिलं व्हतं तेच लिखा! उष्ण!"

बाईंनी निमूट दुसऱ्यांदा खोडलं. नानांनी दुरुस्तीच्या दुरुस्तीवर शिक्का मारला. शेवंताबाई पदर खोचून, ताठ मानेने गावातून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी पाच बायका आणि एक म्हातारे आबा उभे होते. आपापल्या अंगणाचं हवामान कधी लिहिणार, असं त्यांचं विचारणं होतं. आबांना वादळी हवं होतं. यशोदाबाईंनी त्यांची नावं लिहून घेतली आणि धुळ्याला जाणाऱ्या हेडमास्तरांना चित्रकलेच्या कागदाचे दोन दस्ते आणायला सांगितले.