पुढच्या वर्षीची केबिन

"तुझी खरी जन्मतारीख कुठली गं? शाळेत लावलेली की घरची?" जाऊबाईंनी रांगेतून मागे वळून विचारलं, आणि तेही अशा खणखणीत आवाजात की पुढच्या-मागच्या सगळ्यांनी कान टवकारले.

"कशाला हवीय?" धाकटीने विचारलं.

"कशाला म्हणजे? पुढच्या वर्षीचं बुकिंग करायला! नाहीतर आपण काय इथे हवा खायला उभ्या आहोत?"

धाकटीच्या हातात दोन ओले टॉवेल होते. 'चल, टॉवेल परत करून येऊ,' असं म्हणून जाऊबाईंनी तिला केबिनमधून बाहेर काढलं होतं आणि जिन्यापाशी आल्यावर त्या या रांगेत येऊन उभ्या राहिल्या होत्या. ही टॉवेलचीच रांग आहे असं समजून धाकटीही मुकाट्याने मागे उभी राहिली. आता कुठे तिचं लक्ष काउंटरवरच्या पाटीकडे गेलं. 'पुढची सफर आजच ठरवा. तीच केबिन, तेच आदरातिथ्य.' पाटीच्या खाली गळ्याला रुमाल बांधलेली एक मुलगी बसली होती आणि तिच्या बाजूला निळ्या कापडी पिशव्यांचा ढीग होता. जहाजावरच बुकिंग करणाऱ्याला पिशवी फुकट होती.

उद्या सकाळी जहाज बंदराला लागणार होतं. सफरीचा हा शेवटचा दिवस. काल रात्री सूप गार आहे म्हणून ज्यांनी वेटरचा जीव खाल्ला, तेच लोक आज पुढच्या वर्षीच्या सूपसाठी धक्काबुक्की करत होते.

धाकटीला ही युक्ती चांगलीच ठाऊक होती. तिने सगळी नोकरी दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या टेबलावर बसून केली होती. डॉक्टरांची सक्त ताकीद असायची, पुढची तारीख घेतल्याशिवाय पेशंट जिना उतरता कामा नये. एकदा घरी गेला की तो कसला फोन करतोय! म्हणून जबडा बधिर असतानाच त्याला गाठायचं. "पुढच्या मंगळवारी येताय ना?" असं विचारलं की तो बिचारा "अं" म्हणायचा, आणि धाकटी लगेच तारीख टाकून मोकळी व्हायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आज मात्र पेशंटच्या खुर्चीत ती स्वतः बसली होती.

आणि तिने आपला 'अं' देऊनही टाकला होता. तीन-चार दिवसांपूर्वी ती दात घासत असताना जाऊबाईंनी न्हाणीघराच्या दाराबाहेरून विचारलं होतं, "पुढच्या वर्षीही यायचं ना गं?" तोंडात फेस. ती "हं" म्हणाली.

हा 'हं' तिने लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून जपला होता. जाऊबाईंशी वाद घालण्यापेक्षा तो सोयीचा पडायचा. पडद्यांचा रंग त्याच्यावरच ठरला, मुलाची शाळा त्याच्यावरच ठरली, नवरा आजारी पडला तेव्हा त्याला कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं तेही जाऊबाईंनीच ठरवलं आणि ती हं म्हणाली. जाऊबाईंचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग होता. चुकल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

जाऊबाई बसडेपोत चौकशीच्या खिडकीत होत्या. निवृत्त झाल्या तरी ती खिडकी त्यांच्या तोंडापुढून हलली नव्हती. या सफरीत धाकटीने कधी उठायचं, डेकवर कुठल्या खुर्चीत बसायचं, बंदरावर उतरल्यावर कुठल्या बाजूने चालायचं, सगळं त्या जाहीर करत होत्या. धाकटी पुस्तक उघडून बसली की "डोळे खराब करून घे आणखी." मिटून बसली की "इथे काय झोपायला आलीस?" आपण सुटीवर आलो आहोत की बदलीवर, असा तिला प्रश्न पडायचा. बरं, पूर्ण राग धरावा तर तेही जमत नव्हतं. पहिले दोन दिवस बोट लागून ती आडवी झाली होती, तेव्हा याच बाईने रात्रभर तिच्यापुढे भांडं धरलं होतं, तोंड पुसलं होतं, आणि एका शब्दाने कुरकुर केली नव्हती.

"जाऊबाई, मी काय म्हणते," धाकटीने धीर करून सुरुवात केली, "आपण घरी जाऊन निवांत ठरवू या का?"

"घरी गेल्यावर कोणी काही ठरवत नसतं. पुढे सरक."

ती पुढे सरकली. काउंटर जवळ येत होता. आज गप्प बसलो तर अख्खं वर्ष या सफरीकडे डोळे लावून बसावं लागणार, आणि मग पुन्हा ती खुर्ची, तो वारा, ते भांडं. तिला स्वतःचाच संताप आला. साठी उलटली तरी एक साधं 'नाही' आपल्याला म्हणता येऊ नये?

"या मावशी, बसा," रुमालवाली मुलगी गोड हसली. "सफर आवडली ना? दोघींसाठीच करू? केबिन हीच?"

"हीच. खिडकीची," जाऊबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "आणि पिशव्या दोन द्या."

मुलीने जाऊबाईंची माहिती भराभर घातली. "आता दुसऱ्या मावशींची जन्मतारीख?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"नाही काय? आठवत नाही?" जाऊबाईंनी मान वळवली.

"मी येणार नाही."

"अगं, तूच तर हं म्हणालीस."

"दात घासत होते मी!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलीने नजर संगणकात घातली.

"आणि हे आत्ता सांगतेस? एवढा वेळ रांगेत उभी राहिलीस ती कशाला?"

"मला टॉवेलची रांग वाटली." आता बांध फुटला होता. "मला समुद्र आवडत नाही, जाऊबाई. पाण्याकडे माणसाने किती वेळ बघायचं? मला वारा सोसत नाही. मला सकाळी उठून खुर्च्या अडवायच्या नाहीत. मला माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, मला वाटेल तेवढा वेळ पुस्तक वाचायचंय आणि डोळे खराब करून घ्यायचेत. तुम्ही विचारता, पण उत्तराला थांबत नाही. कधीच थांबला नाहीत."

एवढं सलग ती जाऊबाईंशी आयुष्यात बोलली नव्हती. जाऊबाई आता सगळ्यांदेखत तिला फैलावर घेणार, अशी तिची खात्री होती.

पण जाऊबाईंनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि आवाज अगदी खाली आणला. हा आवाज धाकटीने पूर्वी कधी ऐकलाच नव्हता.

"पोरं मागे लागलीत," त्या म्हणाल्या. "आई, आता एकटी राहू नकोस, जागा विकून टाकू, सहा महिने याच्याकडे राहा, सहा महिने त्याच्याकडे. तारीख घेतलेली असली की गप्प बसतात. 'आईची सफर होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणतात. गेल्या वर्षी तेच केलं. एकटीचं बुकिंग म्हटलं की पाठवायला नको म्हणतात. तू आहेस म्हटलं की काही बोलत नाहीत."

धाकटी त्यांच्याच डोक्यावरच्या मजल्यावर राहायची. खाली चाललेली बोलणी तिला ऐकू यायची, पण ती जागा रंगवण्याविषयी असतील असं ती धरून चालली होती. तिच्या तोंडाशी 'हं' आला. अगदी ओठांवर आला. म्हटला असता तर सगळं एका क्षणात मिटलं असतं, मुलगी हसली असती, दोन पिशव्या मिळाल्या असत्या.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय त्यात?"

"सांगितलं असतं तर पोरांशी मी बोलले असते. अजूनही बोलेन. तुमच्या बाजूने बोलेन, हवं तर भांडेन." धाकटीने हातातले टॉवेल काउंटरवर ठेवले. "पण मी येणार नाही."

जाऊबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली होती. एक गृहस्थ "अहो, आटपा की" असं म्हणाले आणि जाऊबाईंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना असं बोलणाऱ्याची एरवी धडगत नव्हती.

"मग बंद करू का, मावशी?" मुलीने हळूच विचारलं.

"बंद कशाला?" जाऊबाई ताठ बसल्या. "एकीचं करा. पोरांशी ही बोलणार आहे."

"एकीसाठी खिडकीची केबिन महाग पडेल. आतल्या बाजूला एक लहान आहे."

"चालेल. झोपायलाच तर जायचं असतं तिथे."

मुलीने बटणं दाबली. धाकटी मान खाली घालून उभी होती. आपण जिंकलो आहोत हे तिला कळत होतं, पण त्याचा आनंद कुठे शोधावा ते समजत नव्हतं.

"एक शेवटचं," मुलगी म्हणाली. "प्रवासात काही झालं तर कोणाला कळवायचं? सोबत नसलेली, घरी असणारी व्यक्ती लागते. मुलाचं नाव घालू?"

"मुलांचं नको," जाऊबाई म्हणाल्या. मग त्यांनी धाकटीकडे न बघता अंगठ्याने मागे खूण केली. "हिचं घाला. ही घरीच असणार आहे."

"नातं?"

"जाऊ."

"फोन नंबर?"

जाऊबाईंना तो पाठ नव्हता. इतक्या वर्षांत कधी लागलाच नव्हता. काही हवं असलं की त्या जिन्यात येऊन हाक मारायच्या आणि धाकटी खाली यायची.

धाकटी पुढे झाली आणि एकेक आकडा सांगू लागली. मुलगी टाइप करत गेली. जाऊबाई काउंटरवर बोट टेकवून प्रत्येक आकडा तिच्यामागून पुटपुटत होत्या.

"झालं," मुलगी म्हणाली.

"थांब," जाऊबाई धाकटीला म्हणाल्या. "मला परत एकदा सांग. सावकाश."