आतली बाजू वर

साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि वर पेनाचं टोपणही काढून दिलं. एवढी तत्परता गेल्या सात महिन्यांत दाखवली असती तर धाकटी बहीण आज नाकाला नळी लावून पडली नसती, हे ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने कागद वाचला. ‘कामगाराने पुरवलेला मास्क न वापरल्यामुळे औषधाची भुकटी श्वासावाटे शरीरात गेली.’ खाली साक्षीदाराच्या सहीची जागा होती आणि तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली मारून ठेवली होती, म्हणजे सही करणारीला जागा शोधायचा त्रास नको.

बायका या साहेबांना पाठीमागे ‘आलबेल’ म्हणत. पाहणीच्या वहीत ते रोज सकाळी ‘सर्व ठीक’ असं लिहीत, तेही भुकटी भरण्याच्या खोलीत पाऊल न टाकता, काचेच्या केबिनमध्ये बसल्या बसल्या. माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण अशा माणसाच्या हातात शिक्का दिला की तो दुष्ट माणसापेक्षा जास्त नासधूस करतो, असं ताईचं अकरा वर्षांच्या अनुभवाचं मत होतं.

अकरा वर्षं ती इथे भुकटी भरत होती. जनावरांच्या औषधांचा कारखाना. पिंपांतून भुकटी यायची, ती शंभर ग्रॅमच्या पाकिटांत भरून सीलबंद करायची, पुढे ती कोंबड्यांच्या पाण्यात नाहीतर वासरांच्या दुधात जायची. औषध पेनिसिलिनच्या घराण्यातलं. धूळ उडू देऊ नका, ज्यांना या औषधांची ॲलर्जी आहे त्यांनी हात लावू नका, असं पिंपावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असे. टेबलाच्या वर धूळ ओढून घेणारा पंखा होता. तो सात महिन्यांपूर्वी बंद पडला, आणि त्याच्या नळीतून चिमण्या आत यायला लागल्या म्हणून कुणीतरी तिच्यात पुठ्ठा कोंबला. ताईने तीनदा तक्रार केली. तीनही वेळा आलबेलांनी ‘वर कळवलंय’ म्हणून तिची बोळवण केली.

धाकटीला चार महिन्यांपूर्वी कामावर लावलं ते ताईनेच, स्वतःच्या शब्दावर. मुलगी सरळ, सांगितलेलं ऐकणारी. पहिल्या महिन्यात तिला सकाळी शिंका यायला लागल्या, दुसऱ्या महिन्यात मनगटावर लाल चट्टे उठले, आणि ताईने घरी सगळ्यांना सांगितलं की नवीन माणसाला असं होतंच, अंगवळणी पडेल. काल जेवणाची सुट्टी संपवून धाकटी टेबलापाशी आली, मास्क चढवला, दुसरंच पाकीट भरत होती आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. पापण्या सुजल्या, ओठ सुजले. मालाच्या टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या की अजून थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. आता या मुलीने त्या भुकटीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आणि या घराण्यातलं कुठलंही औषध तिला आयुष्यात कुणी द्यायचं नाही.

आणि इथे हा कागद सांगत होता की चूक तिचीच. कागद असाच पुढे गेला की कारखाना हात झटकून मोकळा, आणि धाकटीच्या नावावर ‘निष्काळजी’ असा शेरा कायमचा. या गावात भरण्याचं काम देणारे दोनतीनच कारखाने, आणि सगळे एकमेकांचे कागद वाचतात.

“साहेब, हे खोटं आहे,” ताई म्हणाली. “मास्क तिच्या तोंडावर होता. मी स्वतः काढला.”

आलबेलांनी शांतपणे सांगितलं की मास्क नीट वापरला असता तर असं झालंच नसतं. तो मास्क चांगल्या प्रतीचा आहे, तसं प्रमाणपत्र फायलीत आहे. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “थांबा, तोच आणून दाखवते,” म्हणत ती उठली आणि दार आपटून भरण्याच्या खोलीकडे निघाली.

खोलीत भिंतीवर ओळीने खिळे होते. ते तिनेच ठोकले होते. मास्क खोलीबाहेर न्यायचे नाहीत, हरवतात, असं आलबेलांचं फर्मान निघालं तेव्हा तिने ही सोय केली होती आणि तिला तिचा अभिमानही होता. काळे रबरी मास्क, प्रत्येकीचा आपापला. पट्टे असे अडकवायचे की मास्क वाटीसारखा उताणा राहील, आतली बाजू वर, म्हणजे घाम वाळतो आणि वास मारत नाही. प्रत्येक नव्या बाईला ती पहिल्या दिवशी हे शिकवायची. मग दुपारी सगळ्या डबे खायला गेल्या की ती स्वतः कोरड्या झाडूने खोली लख्ख करायची, कारण तिला घाण सहन होत नसे.

धाकटीचा मास्क कुणीतरी सवयीने पुन्हा खिळ्यावर टांगला होता. ताईने तो उतरवला आणि आत पाहिलं.

काळ्या रबरावर पांढरा थर होता. नाकाच्या खोबणीत तर बोट फिरवलं की रेघ उमटेल एवढा साठलेला. तिने शेजारचा मास्क उतरवला, त्याच्या शेजारचा, मग ओळीतले सगळे. सगळ्यांच्या आत पांढरं. खोलीत दिवसभर उडालेली आणि दुपारी तिने झाडूने उडवलेली भुकटी या वाट्यांमध्ये अलगद येऊन बसत होती, आणि बायका जेवून आल्या की ती नाकावर बांधून पट्टे आवळत होत्या. स्वतः ताई मास्क घालतच नसे. तिला त्यात गुदमरायचं, म्हणून ती ओला रुमाल बांधायची आणि मास्क फक्त बाहेरचे साहेब पाहणीला आले की चढवायची. नियम मोडणारी धडधाकट उभी होती, आणि नियम पाळणारी दवाखान्यात होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मग तिला तो पुठ्ठा दिसला, आणि स्वतःबरोबर आणखी एकाच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

धाकटीचा मास्क पारदर्शक पिशवीत घालून, पिशवीचं तोंड बांधून ती केबिनमध्ये परत आली आणि ती पिशवी तिने त्या कागदावरच ठेवली. “सगळे मास्क खिळ्यांवर उताणे टांगलेले, सगळ्यांच्या आत हेच,” ती म्हणाली. आलबेलांनी पिशवी उजेडाकडे धरून पाहिली. माणूस मठ्ठ नव्हता. त्यांच्या लगेच लक्षात आलं आणि चेहऱ्यावर चक्क सुटकेचा भाव आला.

“हे असं टांगायला कुणी शिकवलं, ताई?”

उत्तर त्यांना ठाऊकच होतं. मग ते अगदी घरच्यासारखे बोलायला लागले. हे वर गेलं तर पहिला बळी तुमचाच जाईल, म्हणाले. अकरा वर्षांची अनुभवी बाई, तिनेच नव्या मुलींना विष नाकाला बांधायला शिकवलं, असं होईल. त्यापेक्षा सही करा. बहिणीला कुठेतरी दुसरं काम बघू. ही पिशवी मी धुवायला पाठवतो. झाकली मूठ राहू दे.

ताईने पेन उचललं. आलबेलांनी पिशवी तत्परतेने बाजूला घेतली. तिने पेन्सिलीच्या फुलीवर सही केली नाही. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. शाळा सुटून वर्षं झाली होती, अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण तिने एकही शब्द खोडला नाही. पंखा सात महिने बंद आहे. तीनदा सांगितलं, कुणी आलं नाही. वहीत रोज ‘सर्व ठीक’ लिहिलं जातं. मास्क खोलीतच ठेवायचा हुकूम साहेबांचा. उताणा टांगायला मी शिकवलं. कोरडा झाडू मी मारते. माझ्या बहिणीने मास्क रोज घातला. खाली तिने पूर्ण सही केली.

“हे लिहून तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय,” आलबेल म्हणाले.

“तुमच्याही,” ती म्हणाली. तिने मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, त्यांच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि जाता जाता भरण्याच्या खोलीचं दार ओढून कुलूप लावलं. बाहेर बायका जमल्या होत्या. आज आत कुणी जायचं नाही, आणि का ते मी आल्यावर सांगते, एवढं त्यांना बजावून ती निघाली.

दवाखान्यात धाकटी उशीला टेकून बसली होती. सूज उतरली होती, आवाज बसलेला होता. ताईने वाटभर वाक्यं जुळवली होती, पण समोर आल्यावर ती सगळी विसरली आणि तिने जे होतं ते एका दमात सांगून टाकलं. खिळे, वाटीसारखे मास्क, झाडू, पांढरा थर. चूक माझी आहे, असंही म्हणाली. आता ही रडेल, नाहीतर भांडेल, आणि दोन्ही आपण मुकाट ऐकून घ्यायचं, अशी तिची तयारी होती.

धाकटी चादरीची दुमड सरळ करत राहिली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तिसऱ्याच दिवशी दिसली भुकटी आत. मी रुमालाने पुसून घ्यायचे.”

ताईला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती ओरडलीच. “मग बोलली का नाहीस? चार महिने? मूग गिळून बसलीस?”

“बोलले होते एकदा.” धाकटीने वर बघितलं. “तू सगळ्यांसमोर म्हणालीस, आली मोठी शहाणी, अकरा वर्षं काय मी झक मारतेय का. सगळ्या हसल्या. मीपण हसले.”

ताईला तो दिवस आठवेना. असं ती इतक्या जणींना इतक्या वेळा म्हणाली होती की त्यातला हा दिवस तिला वेगळा काढता येईना. डॉक्टरीणबाई आत आल्या, दाराबाहेर ठेवलेली पिशवी कसली म्हणून विचारायला लागल्या, आणि ताई म्हणाली, “हिला विचारा. हिला माझ्याआधी कळलं होतं.”