डाव्या चाकाला लागलेले तूप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. वाजवायचा नव्हे, एका म्हाताऱ्या पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकातला. माझ्या पोटात दोन वाकड्या पट्ट्या असतात. त्यांना लायनर म्हणतात. चालवणाऱ्याने ब्रेकवर पाय दिला की त्या फाकतात, मला आतून धरतात आणि चाक थांबते. माझा जुळा भाऊ उजव्या चाकात आहे. आम्ही दोघे सारखे थांबलो, तरच गाडी सरळ थांबते.

भट्टीतून निघून, लेथवर गुळगुळीत होऊन मी अकोल्याला आलो. जठारपेठेतल्या एका डॉक्टरांकडे आमची तरुणपणाची वर्षे गेली. "गाडी कशी बोट दाखवावं तिथं थांबते!" असे ते पाहुण्यांना सांगत. तेव्हा चाकात मी फुगून जाई.

पुढे वरूडच्या नत्थुजींनी गाडी घेतली. संत्र्याच्या बागेतली धूळ, चिखल, सारे सोसले. माझ्या तोंडावर एक बारीक भोक आहे. पट्ट्या सैल झाल्या की त्यातून कसतात. त्यावरचे रबरी बूच कुठेतरी पडले. सहदेव मिस्त्री म्हणाला, "राहू द्या, लय तं धूळ जाईन." आणि ते राहिलेच.

मग घरी ट्रॅक्टर आला, बैलजोडी गेली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी नत्थुजींच्या पत्नी दुर्गाबाई गरम तूप-हळदीची वाटी आणि पळसाची पाने घेऊन रिकाम्या गोठ्यात गेल्या. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे त्या संध्याकाळी शेकायचे असतात. खांदेच नव्हते. गोठ्यात उभी होती ती आमची मोटार.

"हेही वझं वाह्यतेच नं," त्या म्हणाल्या. त्यांनी चाकांवरच्या चकचकीत टोप्या काढल्या आणि आम्हा भावांना मायेने तूप चोळले. मग बैलांना द्यायचे ते आमंत्रणही आम्हालाच दिले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

भावाचे बूच शाबूत होते. माझ्या भोकातून मात्र ते ऊन तूप थेंबाथेंबाने आत उतरले आणि पट्टीत मुरले.

तेव्हापासून दर पोळ्यानंतर मी बिघडू लागलो. तूप प्यालेली पट्टी आधी घसरे, मग एकदम मला पकडून बसे. गाडी डावीकडे झेप घेई. सहदेव पट्ट्या घासून देई, आतले सील बदली. "तेल येते कुठून?" तो डोके खाजवी. मला ठाऊक होते. पण लोखंडाला तोंड नसते.

यंदा गोष्ट निराळी होती. नत्थुजींची नात आचल नर्स झाली. नेमणूक धारणीची, परतवाड्यापुढे मेळघाटातला घाट, दर वळणाला डावीकडे दरी. गाडी तीच नेणार होती. सहदेवाने मला उघडून धुतले, दोन्ही चाकांना नव्या पट्ट्या बसवल्या, पट्ट्यांच्या धारा कानशीने मोडल्या.

"आता घाटात डोळे मिटून चालव, बाई," तो म्हणाला.

"डोळे मिटून तुमी चालवा, काका. मले नोकरी करायची आहे," आचल हसली.

मीही फार दिवसांनी सुखावलो. पण तो पोळ्याचा आदला दिवस होता. दिवेलागणीला पायांचा आवाज आला. वाटी आली. हळदीचा वास आला. नात दूर जाणार म्हणून दुर्गाबाईंनी यंदा तूप जास्तच घेतले होते.

"माह्या पोरीले सांभाळजो," त्या पुटपुटल्या. आणि चोळत राहिल्या. मी आतून ओला होत गेलो.

पोळा झाला. दुसरा दिवस करीचा. "करीले कोनी घराबाहेर पडते काय?" दुर्गाबाई कुरकुरल्या, पण आचलला कामावर हजर व्हायचे होते. वेशीपर्यंत पोचवायला आजी-आजोबा गाडीत बसले. आभाळ काळे होते. नाल्याच्या पुलाजवळ म्हैस आडवी आली. आचलने ब्रेक दाबला.

पट्टी घसरली, आणि मग तिने मला गच्च आवळले. भाऊ फिरतच होता. गाडी गर्रकन डावीकडे वळली. कठडा नव्हता. खाली नाल्याचे लाल पाणी उसळत होते. मी पुलाच्या अगदी काठावर थांबलो. माझ्याखालचे खडे पाण्यात पडल्याचे मी ऐकले.

मग जळका वास सुटला.

"रबर जयलं," नत्थुजी कसेबसे म्हणाले.

"रबर नोहे थे." दुर्गाबाई खाली उतरल्या, वाकल्या, माझा वास घेतला. त्यांचा चेहरा उतरला. "तूप होय. हयद होय. म्याच लावलं थे."

"अवो, बाहेरून लावलं तं आत कसं जाईन?"

त्यांनी चाकावरची टोपी काढायला लावली. पिवळे भोक त्यांच्याकडे पाहत होते.

सहदेव आला. मला उघडताच पिवळा ओघळ त्याच्या बोटांवर आला. "काकू, दोष तुमच्या हाताचा नाही," तो हळूच म्हणाला. "बूच मीच राहू देलं." त्याने पुन्हा मला धुतले, पट्ट्या बदलल्या आणि भोकात नवे बूच ठोकले. त्या पुलावर गाडी पुन्हापुन्हा थांबवून पाहिली. ती सरळ थांबली.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव लावाल, त्याला काय सोसते तेही विचारून घ्या. आणि गाडी एका अंगाला ओढू लागली, तर ती काही सांगते आहे असे समजा. एवढीच आमची भाषा आहे.

आचल निघाली तेव्हा दुर्गाबाईंनी पदराला हात कोरडा पुसला आणि नुसताच माझ्या चाकावर ठेवला.

"आज आवतन घे," त्या म्हणाल्या. "दिवाळीले हिले घेऊन जेवाले ये."

आता परतवाडा मागे पडला आहे. पाऊस सुरू झाला आहे. पुढे पहिले वळण दिसते आहे, आणि त्याच्या डावीकडे नुसते धुके. आचलचा पाय ब्रेककडे येतो आहे. मी कोरडा आहे. मी जागा आहे.