बर्फाच्या पिशव्या

धाकट्या दिराच्या दुकानातला खिमा तपासणीत चौथ्यांदाही स्वच्छ निघाला, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. प्रयोगशाळेत बाकी नऊ दुकानांच्या नमुन्यांच्या काचेच्या प्लेटांवर जंतूंचे ठिपके कमीजास्त उठलेच होते. खिम्याचं तसंच असतं, मशीनमध्ये वरची घाण आतपर्यंत कालवली जाते. दिराची प्लेट तेवढी जवळजवळ कोरी. आणि त्याच्याच गल्लीतली तीन माणसं त्या महिन्यात पोट बिघडून दवाखान्यात होती.

नमुने घ्यायला ती कधी निघणार, हे तिच्याशिवाय प्रयोगशाळेत कुणाला ठाऊक नसे. ड्रायव्हरलाही ती गाडीत बसल्यावरच सांगे. तरी दिराचं मशीन नेमकं उकळत्या पाण्यानं धुतलेलं, आणि स्वारी दारात हजर. "या वहिनी, वाटच बघत होतो."

तिनं ड्रायव्हरवर संशय घेतला, साहेबांवर घेतला, झाडूवाल्या बाईलाही सोडलं नाही. घरावर घ्यायचं मात्र जिवावर आलं होतं. मग एका संध्याकाळी मटार ठेवताना तिचा हात फ्रीझरच्या दारातच थांबला. प्रयोगशाळेचा फ्रीझर बिघडल्यापासून नमुन्यांच्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या ती आदल्या दिवशी घरीच गोठवत होती. नवरा पाण्यात बर्फ घालायला रोज तोच कप्पा उघडायचा.

पुढच्या वेळी तिनं पिशव्या गुपचूप शेजारणीकडे ठेवल्या. सकाळी ती दुकानात शिरली, तर दिराचा चेहराच उतरला. मशीनच्या जाळीत कालचं मांस सुकून चिकटलं होतं.

"वहिनी, आज कशा काय?"

"आज यायचं नव्हतं का?" तिनं विचारलं आणि नमुना घेतला.

दोन दिवसांनी प्लेट इतकी भरली की ठिपके मोजता येईनात. संध्याकाळी तिनं सही न केलेला अहवाल नवऱ्यापुढे ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला.

"अगं, त्याचं दुकान बंद पडेल."

"तुम्हीच कळवत होता ना त्याला?"

त्यानं कागद पालथा ठेवला. तिचा संताप संताप झाला. "लोक आजारी पडले. आपणही तोच खिमा खातो. आपल्या पोरीच्या पोटात जातो तो."

"पोरीची काळजी नको," तो घाईनं म्हणाला. "आपला खिमा तो वेगळा काढतो. मशीन धुतलं की पहिला आपला."

पोरगी वाचली म्हणून तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली. तिनं पेन मागितलं. त्यानं दिलं नाही, तेव्हा पोरीच्या दप्तरातलं घेऊन तिनं सही केली.