शेठच्या घरचा ओटा

शेठने धंदा स्वतःच्या दोन हातांनी उभा केला. हे ज्याला माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण, कारण शेठ भेटेल त्याला धरून सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी एक हातकटर घेऊन लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवत हिंडायचा. आज स्वतःची शेड आहे, दगड कापायचं मोठं यंत्र आहे, दारावर पाटी आहे. आसपासच्या कुठल्याही स्वयंपाकघरात डोकावा, ग्रॅनाइटचा ओटा शेठनेच बसवलेला. फक्त एक स्वयंपाकघर सोडून.

ते शेठच्या बायकोचं. तिथे प्लायवूडचं टेबल होतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. भाजी ढवळली की टेबलही डुलायचं. भांडी घासायला खाली बसावं लागे आणि उठताना गुडघे कुरकुरत. ती ओट्याचं नाव काढायची तेव्हा शेठ म्हणायचा, "अगं, हातातली एवढी ऑर्डर निघू दे." ऑर्डर निघायची आणि मागून दुसरी यायची. बिचाऱ्या शेठचा काय दोष!

आता त्या दोन हातांचं. भिंत कधी सरळ नसते, म्हणून दगड कापण्याआधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पुठ्ठा भिंतीला भिडवायचा, कोपरा न् कोपरा गिरवून तसाच कापून आणायचा. मग तो दगडावर ठेवायचा आणि कटर फिरवायचा. हे पुठ्ठ्याचं काम पहिल्या दिवसापासून बायकोचं. तिचं माप कधी केसभर चुकलं नाही. पण गोष्ट सांगताना हात दोनच असायचे. चार म्हटलं तर ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हायचा ना!

तर एकदा एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या ओट्यासाठी काळा दगड पसंत केला. शेठने स्वतः कापला, कडा गोल केल्या, पॉलिश असं मारलं की तोंड दिसावं. चार माणसांनी धापा टाकत तीन जिने चढवला. आणि बसवायला गेले तर काय, डाव्या कोपऱ्यात चार बोटं फट! उजवीकडे पाइपसाठी खाच, आणि तिथे पाइपच नाही.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "शेठ, हे माझंच घर आहे. तुम्ही कोणाच्या घरचा ओटा आणलात?"

शेठ तोंड लपवत दगड घेऊन घरी परतला आणि तडक स्वयंपाकघरात शिरला.

"नाक कापलंस माझं! पंधरा वर्षांचं नाव मातीत घातलंस! असला कसला पुठ्ठा दिलास?"

बायकोने आधी शेगडी बंद केली. "कोणता घेतलात?"

"शेडमधल्या टेबलावर सगळ्यात वर होता तो!"

"बाईंचा तर शेडच्या दाराजवळ खिळ्याला टांगलाय. वर ठळक लिहिलंयसुद्धा, डॉक्टरीणबाई. दुसरी लादी आहे ना त्याच दगडाची? उद्या कापा, परवा बसेल."

"मग हा कोणाचा?"

तिने शेगडी खाली ठेवली, टेबल बाजूला ओढलं. शेठ भिंतीकडे बघत राहिला. डाव्या कोपऱ्यात भिंत चार बोटं पुढे आलेली. उजवीकडे नळाचा पाइप. त्याच्याच हातचा गिलावा, तोही वाकडा, आणि इतक्या वर्षांत त्याच्या लक्षातही आला नव्हता.

"नऊ वर्षं झाली तो पुठ्ठा कापून," ती म्हणाली. "शेडमध्ये तुमच्याच टेबलावर होता. रोज नव्या पुठ्ठ्यांच्या खाली जायचा. परवा मी वर काढून ठेवला, बस."

शेठला लाज वाटली. चांगलीच वाटली. तरी सवय जाते थोडीच! घसा खाकरून त्याने सुरुवात केली, "अगं, मी स्वतःच्या दोन हातांनी..."

"ते नंतर सांगा," ती पदर खोचत म्हणाली. तिच्या हाकेसरशी माणसांनी दगड आत आणून विटांच्या आधारावर चढवला होता, फक्त एक कोपरा अजून उचलायचा राहिला होता. "आधी इकडे या. मी धरलंय, पण दोन हात पुरत नाहीत."

शेठने मुकाट्याने पलीकडून हात घातला. दगड भिंतीला जाऊन भिडला. फट बुजवायला आणलेलं सिमेंट तसंच राहिलं.