दुसरी साक्ष

पाहुणे यायच्या आधी म्हातारीने बैठकीतल्या खुर्च्यांवरून ओलं फडकं फिरवलं, उशांचे अभ्रे बदलले आणि सुनेच्या प्लास्टरमधल्या हातावर शाल ओढून दिली. "झाकलेला बरा," ती म्हणाली. कोपऱ्यातल्या तिच्या शिलाई मशीनवर कित्येक दिवस चादर पडून होती.

पाहुणे म्हणजे चर्चचे पाळक आणि मंडळीचा कारभार बघणारे दोन वडील, म्हणजे एल्डर. म्हातारीच्या मुलाचा फर्निचरचा कारखाना होता, दानधर्मात हात सैल होता, आणि येत्या रविवारी त्यालाही वडील नेमायचं घाटत होतं. ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही त्याने देवाची मंडळी चालवू नये, असं शास्त्रात आहे. म्हणून नेमणुकीआधी घरी येऊन बायकामाणसांना विचारायची रीत होती. विचारायचं मात्र घरधन्याला मधल्या खुर्चीत बसवून. यात काही वावगं आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं, निदान मधल्या खुर्चीत बसणाऱ्यांना तरी नाही.

"काय ताई, घरात सगळं ठीक ना?" पाळकांनी बिस्किट उचलता उचलता विचारलं.

"ठीक नाही," सून म्हणाली आणि तिने शाल बाजूला केली. "शर्टाचं बटण लावायचं राहिलं, तर यांनी माझी बोटं ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर लावला. आता सुई धरता येत नाही मला."

मुलगा हसला. "पडली होती हो. तेव्हापासून डोकं जरा फिरलंय तिचं."

पाळकांनी बशी खाली ठेवली. "वडिलांवरचा आरोप एकाच्या सांगण्यावरून ऐकू नये, असं शास्त्र सांगतं. दुसरी साक्ष आहे?" चुकणाऱ्या वडिलांना सगळ्यांदेखत खडसवावं, असंही तिथेच पुढच्या ओळीत आहे. तिथवर पाळकांचं वाचन कधी जात नसे.

"आईंनी पाहिलंय," सून म्हणाली.

म्हातारीने पाहिलं होतं. ती दारातच उभी होती आणि दूध उतू जातंय असं स्वतःलाच सांगून स्वयंपाकघरात गेली होती. नवरा होता तोवर तिनेही मार खाल्ला होता, तिला कुणी विचारलं नव्हतं. शिवाय मंडळीच्या वडिलांची आई म्हणून पहिल्या बाकावर बसायची तिला हौस होती. मुलगा तिच्याकडे बघत होता.

"जिन्यात पाय घसरला तिचा," ती म्हणाली. "आमच्यात कुणी हात उगारत नाही."

पाळकांनी घरासाठी प्रार्थना केली. मुलाचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून तो परत आला, आईला बाहेर काढून त्याने बैठकीचं दार आतून लावलं. सून आतच होती. म्हातारी दार बडवत राहिली. "अरे, सोड तिला. माझं ऐक." आतून आधी सुनेचा आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी नेमाप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?"

पहिल्या बाकावरून म्हातारी उठली. "मी खोटं बोलले. त्यानेच तिची बोटं मोडली, मी बघितलं. तुम्ही गेल्यावर परत मारलं. त्याला नेमू नका."

कुजबुज झाली. पाळक सुनेकडे वळले. "ताई, खरं का हे?"

सून नवऱ्याशेजारी बसली होती, उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावून. तिने म्हातारीकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आईंचं वय झालंय."

"म्हणजे साक्ष एकच," पाळक म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं लपलं नाही.

म्हातारीने वळून सगळ्यांकडे पाहिलं. त्या हाताला प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या बाकावर होत्या. पडून बोटं अशी चेंगरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्या गीतांच्या पुस्तकात पान शोधत होत्या. शेजारच्या भिंतीपलीकडून रोज रडणं ऐकणारं कुटुंबही होतं. कुणी उठलं नाही.

मुलगा गुडघे टेकून बसला, मंडळीच्या दोन्ही वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. "बसा हो आजी," मागून कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही. उपासना संपेपर्यंत ती एकटी उभी राहिली, आणि मग लोक मुलाचं अभिनंदन करून आपापल्या घरी गेले. या तिघांना मात्र एकाच गाडीतून घरी जायचं होतं.